चार फुटांवरचा प्लग

घर बघायला गेल्यावर आई आधी ओटा बघते. बाबा मान वर करून छताला कुठे ओल आलीय का ते बघतात. मी त्या दिवशी प्लग बघितले.

फेब्रुवारी २०२३. वसई पश्चिमेला, नवघर-माणिकपूरच्या सखल पट्ट्यातला तळमजल्यावरचा वन बीएचके. इमारतीचं नाव सांगत नाही. तिथे आणखी चार जणांना आपापली घरं विकायची आहेत आणि त्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही. घर नव्याने रंगवलेलं होतं, फिकट पिवळं. फरशी चकचकीत. पण फ्रिजचा, टीव्हीचा, वॉशिंग मशीनचा, झाडून सगळे प्लग जमिनीपासून चार फुटांवर. पलंगाच्या बाजूचा मोबाइल चार्ज करायचा प्लगसुद्धा. झोपून फोन बघायचा तर वायर गळ्यात घ्यावी लागेल. शिवाय घराची फरशी बाहेरच्या पॅसेजपेक्षा सात-आठ इंच उंच. आत पाय टाकताना बाबांचं डोकं चौकटीला लागता लागता राहिलं.

"प्लग इतके वर का?" मी विचारलं.

"मॅडम, लहान मुलं असतात ना घरात. सेफ्टी," एजंट म्हणाला.

मी बाबांकडे बघितलं, बाबांनी माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघांना ती सेफ्टी चांगली ठाऊक होती.

त्यासाठी पाच वर्षं मागे जायला हवं. १० जुलै २०१८, मंगळवार. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. आम्ही तेव्हा इथून चालत दहा मिनिटांवर, अशाच एका तळमजल्यावर भाड्याने राहायचो. भाडं साडेसहा हजार, डिपॉझिट तीस. पाऊस शनिवार-रविवारपासूनच धरून होता. सोमवारी रात्री अकराला पॅसेजमध्ये पाणी आलं तेव्हा आईने दाराच्या फटीत जुने टॉवेल कोंबले. एक वाजता ते टॉवेल घरात तरंगत होते. पाणी दारातून येतं असं आपल्याला वाटतं. आमच्याकडे ते आधी बाथरूमच्या जाळीतून वर आलं. मग मोरीतून. घराला आतूनच पाझर फुटल्यासारखं.

सकाळपर्यंत ते पलंगाच्या वर होतं. आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या एका गुजराती कुटुंबाकडे दोन दिवस काढले. वीज नव्हती, प्यायचं पाणी नव्हतं. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले होते आणि वडोदरा एक्स्प्रेस अडकून पडली होती. एनडीआरएफचे जवान बोटी घेऊन तिच्यातल्या प्रवाशांना बाहेर काढत होते. मिठागरांकडच्या वस्त्या चहूबाजूंनी तोडल्या गेल्या होत्या. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. तेव्हा आम्हाला फक्त जिन्याच्या पायऱ्या दिसत होत्या. बाबा दर तासाला खाली जाऊन किती पायऱ्या बुडाल्या ते मोजून यायचे आणि आईला एक कमी करून सांगायचे.

पाणी ओसरल्यावर जे उरलं ते सामान नव्हतं, चिखल होता. माझी जर्नल्स, तीन वर्षांच्या नोट्स, सेकंड हॅण्ड लॅपटॉप. आईचं शिलाई मशीन, ज्यावर ती ब्लाउज शिवून माझी परीक्षेची फी भरायची. मशीन बाबांनी उलटं केलं तर आतून तपकिरी पाणी आलं आणि एक मेलेला मासा. बोटाएवढा. आई त्याच्याकडे बघून हसायला लागली आणि तिला हसू आवरेना. मग आम्हाला कळलं की ती हसत नाहीये.

घरमालकीण काकू चौथ्या दिवशी आल्या. त्या शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. माणूस म्हणून वाईट नव्हत्या, येताना पोळी-भाजीचा डबा घेऊन आल्या होत्या. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "दर वर्षी थोडंसं येतंच हो. या वेळी जरा जास्तच आलं."

दर वर्षी. आम्ही तिथे राहायला येऊन आठ महिने झाले होते. बाबा काही बोलले नाहीत. त्या महिन्याचं भाडंही त्यांनी दिलं. डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापले गेले तेव्हाही ते गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा मला बाबांचा जितका राग आला तितका काकूंचाही आला नव्हता.

वसई हे एके काळी बेट होतं, हे वसईत राहणाऱ्यांनाही सांगावं लागतं. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, आणि पूर्वेला मुख्य भूमीपासून तोडणारी सोपाऱ्याची खाडी. या खाडीच्या जिवावर सोपारा हे प्राचीन बंदर उभं होतं. १८८२ साली तिथे अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला, तो बंदराला लागून आलेल्या मोठेपणाचाच. पुढे खाडी गाळाने भरत गेली. तिच्या जागी खाजणं, मिठागरं, भातशेती आली. म्हणजे बेट बुडालं नाही, उलट भोवतालचं पाणी बुजलं. नकाशावरून खाडी गेली, पण उतार तोच राहिला. तुंगारेश्वरच्या डोंगरावर पडलेलं पाणी आजही पश्चिमेलाच धावतं. वाटेत त्याला महामार्गाचा भराव लागतो, मग रेल्वेचा भराव. त्यांच्याखालच्या मोजक्या मोऱ्यांतून ते वसईच्या बशीत येतं. पश्चिमेला किनाऱ्यालगतचा वाळूचा पट्टा उंच, वाड्या-बागायतींचा, जुनी गावं वसलेला. मधली बशी सखल. आणि नेमकी भरतीची वेळ असली तर खाडीच पाणी घेत नाही, उलट परत पाठवते. आमच्या बाथरूमच्या जाळीतून जे आलं ते हेच.

जुन्या लोकांनी बशीत भात लावला आणि मीठ पिकवलं, घरं उंचावर बांधली. आपण बशीत घरं बांधली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वसईत मोठ्या बांधकामांची दारं उघडली गेली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली होती. त्या चळवळीतले लोक पाण्याबद्दलच बोलत होते. मी हे बाबांना एकदा कौतुकाने वाचून दाखवलं. बाबा तेव्हा लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत सात जणांत राहत होते. म्हणाले, "आम्हाला चळवळ कुठे माहीत होती? आम्हाला वसईत घर परवडतं एवढंच माहीत होतं." २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. त्यातले किती लाख बाबांसारखे आले असतील, ते लोकल बघून कुणालाही सांगता येईल.

२०१८ नंतर महापालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांकडून पुराची कारणं तपासून घेतली. नाले रुंद करा, पाणी साठवून धरणारे धारण तलाव करा, वगैरे. आमच्या भागात लोकांनी स्वतःचा अहवाल आधीच अंमलात आणला होता. प्लग वर गेले.

आता मी त्या घरात काय करत होते ते सांगते. २०१९ मध्ये मला नोकरी लागली. मालाडला ऑफिस, विरारहून लोकल. पुरानंतर आम्ही विरार पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर भाड्याने गेलो होतो. बाबांनी आयुष्यात स्वतःच्या नावाची पाटी कधी लावली नाही. दर अकरा महिन्यांनी करार, दर दोन-तीन वर्षांनी टेम्पो. मला घर घ्यायचं होतं. विरारमध्ये आम्हाला हवं तसं घर चाळिशीच्या वर जात होतं. मग ऑफिसातल्या एका सीनिअरने कल्पना दिली: राहायचं घर आत्ता नको, भाड्याने देता येईल असं छोटं घर घे. हप्ता अर्धा भाड्यातून जाईल, किंमत वाढली की ते विकून मोठं घे. तो स्वतः उलव्यात असाच एक फ्लॅट घेऊन बसला होता आणि दुपारच्या जेवणात त्याबद्दल बोलायचा, लोक बाळाबद्दल बोलतात तसं.

मी एक्सेल शीट केली. इंजिनिअरला दुसरं काय येतं? तीस-बत्तीस घरं त्यात भरली: किंमत, भाडं, मेंटेनन्स, प्रॉपर्टी टॅक्स, इमारतीचं वय, स्टेशनपासून अंतर. एका रात्री त्या शीटमध्ये मला काहीतरी सापडलं आणि मला स्वतःच्या हुशारीचा फार आनंद झाला. ते असं: त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या घराची किंमत अठ्ठावीस लाख, भाडं नऊ हजार. तळमजल्याची किंमत चोवीस लाख, भाडं साडेआठ हजार. पुराची भीती किमतीतून चार लाख खाली आणते, पण भाड्यातून फक्त पाचशे रुपये. म्हणजे वरच्या मजल्यावर वर्षाला ३.८६ टक्के सुटतात आणि तळमजल्यावर ४.२५. बुडणारं घर जास्त कमावतं.

असं का, हे मी त्या रात्री स्वतःला नीट विचारलं नाही. उत्तर अवघड नव्हतं. विकत घेणारा माणूस दोन महिने चौकशी करतो, वकील लावतो, शेजाऱ्यांना विचारतो, जुलैत एकदा येऊन बघतो. भाडेकरू दहा मिनिटं बघतो. त्याला एक तारखेच्या आत घर हवं असतं. जो विचारतो त्याला पुराची सूट मिळते. जो विचारत नाही तो पूर्ण भाडं भरतो. या दोघांमधला फरक घरमालकाच्या खिशात जातो आणि शीटमध्ये त्याला यील्ड म्हणतात. पाच वर्षांपूर्वी आम्ही कुणाचं तरी यील्ड होतो.

थोडं वाचनही केलं होतं. प्युर्टो रिको बेटावर २०१७ च्या सप्टेंबरमध्ये मारिया वादळ आलं, आणि नंतर अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून आलेल्या लोकांनी करसवलतीचा फायदा घेत तिथे घरं घेतली, पर्यटकांना भाड्याने दिली. स्थानिकांची भाडी वाढली. हवाईतल्या माउई बेटावर ऑगस्ट २०२३ मध्ये लहायना गाव जळालं, तेव्हा राख निवायच्या आत जमिनीला गिऱ्हाइकं लागली म्हणून लोक संतापले होते. हे दुसरं मी वाचलं तेव्हा माझा व्यवहार होऊन गेला होता. रात्री लोकलमध्ये उभ्याने वाचत होते. नायगाव-भाईंदरच्या मध्ये गाडी खाडीवरून जाते, तेव्हा पाणजू बेट दिसतं. तिथे अजून नायगावहून होडीने जातात. माझ्या मनात आलं, आपण कुठे बाहेरचे गुंतवणूकदार, आपण तर इथलेच, आपलंच घर बुडालेलं. हा विचार मला बरेच महिने पुरला.

घासाघीस मात्र मी झकास केली. प्लगवर बोट ठेवलं, फरशीच्या उंचीवर ठेवलं, बाथरूमच्या जाळीवर ठेवलं. एजंटचा चेहरा उतरला. विकणारे आजोबा प्रामाणिक होते. म्हणाले, "अठरामध्ये कमरेपर्यंत होतं बाळा, खोटं कशाला बोलू." चोवीसचे साडेबावीस झाले. घर माझ्या नावावर घेतलं, बाईच्या नावावर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते म्हणून आणि आईला तसं हवं होतं म्हणून. सतरा लाख कर्ज, नऊ टक्के, वीस वर्षं. हप्ता पंधरा हजार तीनशेच्या आसपास. उरलेल्यात माझी बचत आणि बाबांच्या पीएफचा मोठा तुकडा. कागद मी तीनदा तपासून घेतले, कारण वसई-विरारमध्ये पुराआधी कागद बुडतात. नालासोपाऱ्यात पुढे न्यायालयाच्या आदेशाने ४१ इमारती पाडल्या गेल्या आणि तिथली कुटुंबं जानेवारी २०२५ मध्ये सामानासकट रस्त्यावर आली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

बाबांनी दारावर नावाची पाटी लावली. माझं नाव, खाली त्यांचं. पाटीचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. आम्ही स्वतः तिथे राहायला जाणार नाही हे घरात कुणी बोललं नाही, पण तेवढं ठरलेलं होतं.

भाडेकरू आले डिसेंबरमध्ये. नवरा वालीवच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला, बायको घरी इमिटेशन दागिन्यांचं काम करायची, माळा ओवायच्या, डझनावर पैसे. मुलगी बालवाडीत. मूळचे धुळ्याकडचे. एजंटने मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मॅडम, पाण्याचं तुम्ही काढू नका. ते विचारणार नाहीत." मी म्हटलं, विचारलं तर सांगेन. हे मला तेव्हा फार नीतीचं वाटलं होतं.

त्यांनी विचारलं नाही. बाईने नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारलं. खिडकीजवळ उजेड चांगला आहे, माळा ओवायला बरं, म्हणाल्या. नवऱ्याने प्लगकडे बघितलं आणि स्वतःच म्हणाला, "हे बरंय, पोरीचा हात पोचणार नाही." मी हसले. कराराच्या छापील मसुद्यात एक कलम असतंच, की परवानाधारकाने जागा पाहिली आहे आणि ती राहण्यायोग्य असल्याची त्याची खात्री झाली आहे. बायोमेट्रिकच्या मशीनवर त्यांनी अंगठे ठेवले, मी ठेवला. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी करून नोंदवणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची. मी कायद्याप्रमाणे सगळं केलं. पोलिसांकडे भाडेकरूंची माहितीसुद्धा दिली. त्यांची माहिती सरकारकडे गेली, घराची त्यांच्याकडे आली नाही.

विमाही काढला होता. भारत गृह रक्षा नावाची प्रमाणित पॉलिसी २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. पूर, वादळ, भूकंप सगळं त्यात येतं. प्रीमियम वर्षाला हॉटेलच्या एका जेवणाइतका. एक गोष्ट मला फार आवडली होती: पुरामुळे घर राहण्यालायक उरलं नाही तर बुडालेलं भाडंही मिळतं. भाडेकरूचं सामान मात्र मालकाच्या पॉलिसीत येत नाही. त्याने ते स्वतःचं वेगळं काढायचं. तेही मी त्यांना सांगितलं नाही, कारण ते सांगायला गेलं तर का, ते सांगावं लागलं असतं.

२०२४ च्या पावसाळ्यात पाणी कंपाउंडपर्यंत आलं, घरात नाही. मी दर वेळी फोन करायचे. "सगळं ठीक ना?" "ठीक आहे ताई." त्यांना वाटायचं मालकीण किती काळजी करते. करार संपला, पाचशे वाढवून नवा केला.

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार. मुंबईसकट सगळा किनारा दोन दिवस झोडपला जात होता. घरून काम होतं. मंगळवारी पहाटे पावणेपाचला व्हॉट्सअॅपवर एक फोटो आला. टॉर्चच्या उजेडात काढलेला. पिवळी भिंत, पाणी, पाण्यावर प्लास्टिकचा टब, टबात पोरीचं दप्तर. प्लग कोरडे होते. पाण्याची रेघ त्यांच्या बरीच खाली. प्लग ज्याने वर नेले त्याचा हिशेब बरोबर होता.

फोटोखाली काही लिहिलं नव्हतं. मी फोन केला, लागला नाही. साडेसहाला त्यांचाच आला. ते वरच्या मजल्यावर होते. मी काय हवं-नको विचारत होते, ते उत्तरं देत होते, आणि मध्येच त्याने विचारलं, "ताई, तुम्हाला माहीत होतं का?"

आवाज चढलेला नव्हता. खरंच माहिती विचारावी तसं विचारलं. मी नोकरीत रोज असे कॉल करते, की काय बिघडलं, कधी बिघडलं, आधीपासून माहीत होतं का. माहीत असलेल्या दोषालाही आमच्याकडे नाव आहे, यादी आहे, रिलीजबरोबर ती गिऱ्हाइकाला द्यायची असते. मी म्हटलं, "दर वर्षी नाही येत."

मग मला ऐकू आलं मी काय बोलले ते. काकूंचंच वाक्य होतं, फक्त उलटं शिवलेलं.

"हो," मी म्हटलं. "माहीत होतं."

तो म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवला.

पाणी गुरुवारी उतरलं. मी आणि बाबा गेलो. येऊ नका म्हटलं तरी बाबा आले, घरातून फावडं आणि फिनेल घेऊन. चिखलाचा तो वास सात वर्षांत जराही बदलला नव्हता. गादी गेली, कपाटाच्या प्लायवूडचा तळ फुगला, फ्रिज गेला. आणि माळा. बाईने नऊ दिवसांचं काम पूर्ण करून पलंगाखाली खोक्यांत ठेवलं होतं, मंगळवारी द्यायचं. सोनेरी मुलामा काळा पडला होता. माल ठेकेदाराचा, भरपाई तिने करायची. तिने खोकी माझ्यापुढे उघडून दाखवली नाहीत, कोपऱ्यात उपडी केली आणि त्यातल्या त्यात कोणते मणी वाचतात ते निवडायला बसली. मी शेजारी बसून निवडायला लागले तर म्हणाली, "राहू द्या ताई, तुम्हाला नाही समजायचं." काळा पडलेला मणी आणि काळा पडणार असलेला मणी यांत फरक असतो म्हणे.

बाबा आणि तो मोरी साफ करत होते. बाबांनी त्याला २०१८ चं सगळं सांगितलं. आम्ही कुठे राहायचो, मशीन, मासा. मला वाटलं होतं ते माझी बाजू घेतील किंवा मला बोलतील. त्यांनी त्याला शेवटी एवढंच विचारलं, "तुम्ही भाडं देणार आहात का या महिन्याचं?"

तो म्हणाला, "द्यावं तर लागेलच ना काका."

"नका देऊ," बाबा म्हणाले. माझ्याकडे न बघता.

मी डिपॉझिट पूर्ण परत देऊ केलं. दुसरं घर बघायचं तर बघा, टेम्पोचे पैसे देते म्हटलं. त्यांनी दोन दिवस मागितले. मला खरं तर ते गेले असते तर बरं वाटलं असतं, हे कबूल करते. विमा कंपनीचा माणूस येऊन फोटो काढून गेला. रंग आणि दाराचे पैसे मिळतील म्हणाला. घर रिकामं राहिलं तर भाड्याचेही मिळतील. रिकामं राहिलं तर.

ते राहिले. शाळा जवळ, वालीवला शेअर रिक्षा मिळते, आणि एवढ्या भाड्यात वर कुठे मिळणार. पण अटी त्यांनी घातल्या. जून ते सप्टेंबर अर्धं भाडं. हॉलमध्ये आणि आतल्या खोलीत सिमेंटचा माळा, माझ्या खर्चाने, पावसाळ्याआधी. पाणी घरात आलं तर त्या महिन्याचं भाडं नाही. आणि माळांचे चार हजार दोनशे. हे शेवटचं बाईने सांगितलं, आकडा पाठ असल्यासारखा. मी सहा देत होते. तिने चार हजार दोनशेच घेतले.

शीट उघडून नवे आकडे भरले तेव्हा यील्ड वरच्या मजल्याच्या बरंच खाली गेलं. सीनिअरला दाखवलं तर तो म्हणाला, विकून टाक. विकायला हरकत नाही. विकताना घेणारा दोन महिने चौकशी करेलच, त्याची काळजी मला नाही. तो कुणाला भाड्याने देईल ते मला शीटमध्ये कुठे भरायचं ते कळत नाही. सध्या विकलेलं नाही.

करार नव्याने करायला डिसेंबरमध्ये आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. झेरॉक्स, पॅन कार्ड, भाडेकरार सगळं एकाच टेबलावर. पुराचं कलम घाला म्हटल्यावर टाइप करणारा मुलगा थांबला. "असं कुणी लिहीत नाही मॅडम. साच्यात बसणार नाही." मी म्हटलं, इतर अटींच्या खाली जागा असते, तिथे लिही. त्याने नाइलाजाने कर्सर तिथे नेला.

"काय लिहू?"

"सदर जागेत पावसाळ्यात पाणी येतं."

"किती? किती लिहू?"

ऑगस्टची रेघ आम्ही टेपने मोजली होती, रंग लावायच्या आधी. टेपचं एक टोक बाईने फरशीला धरलं होतं. "दोन फूट एक इंच," तिने सांगितलं. मुलाने टाइप केलं.

"आणि अठरामध्ये?" नवऱ्याने मला विचारलं. "काका म्हणत होते तेव्हा जास्त होतं."

"कमरेपर्यंत," मी म्हटलं. "आजोबांच्या कमरेपर्यंत. ते उंच होते."

"मग तेच लिहा," बाई म्हणाली.

मुलाने दोन फूट एक इंच खोडलं. "कंबर म्हणजे किती फूट?" त्याने विचारलं, आणि आम्ही तिघंही आपापल्या कमरेला हात लावून बघायला लागलो.